घर उभे, पण कागद नाही

व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही मजुरीवर किंवा कामगार चळवळीच्या इतिहासावर बोलू, अशी त्यांची समजूत असावी. आम्ही घराच्या कागदांचा विषय घेतला, याचे पुष्कळांना नवल वाटले. म्हणून त्याचे कारण आधी सांगतो.

आमच्या संघटनेत एक हमाल होता. मोंढ्यात पोती वाहून जे शिल्लक पडले, त्यातून त्याने गावाच्या कडेला अर्धा गुंठा जागा घेतली. आधी पत्र्याची एक खोली, मग दोन, मग पत्रे काढून वर स्लॅब, असे करीत घर उभे राहिले. अठरा वर्षांनी बायकोच्या दुखण्यापायी ते विकण्याची वेळ आली. गिऱ्हाईक चांगले मिळाले. नोकरदार माणूस, घर पसंत, भाव ठरला, इसारही झाला. पण त्याला बँकेचे कर्ज काढायचे होते, आणि बँकेच्या वकिलाने कागद मागितले. आमच्या माणसाने प्लॅस्टिकच्या पिशवीतून सगळे काढून टेबलावर मांडले : घरपट्टीच्या अठरा वर्षांच्या पावत्या, नळपट्टी, लाइटबिले, आणि बाँडपेपरवर लिहून घेतलेली खरेदी. वकिलाने ते पाहिले आणि विचारले, "बांधकाम परवाना कुठे आहे? पूर्णत्वाचा दाखला?" आमचा माणूस आमच्याकडे वळून म्हणाला, "भाऊ, अठरा वर्षं पावत्या फाडल्या की! आता आणिक कोणता कागद?"

कर्ज मंजूर झाले नाही. गिऱ्हाईक गेले, इसार परत द्यावा लागला. शेवटी रोख पैसे मोजणाऱ्या एकाने ठरलेल्या भावाच्या दोन तृतीयांशाला ते घर घेतले. दवाखान्याची घाई होती. थांबता आले नाही.

यातली बोचणारी गोष्ट निराळीच आहे. त्याने जागा घेतली, त्या साली तो आमच्याकडे सल्ला विचारायला आला होता. "आधी घर उभे कर आणि कर लावून घे, म्हणजे पक्के झाले," असे आम्हीच त्याला सांगितले होते. मजुरीच्या एका रुपयासाठी महिना महिना भांडणारे आम्ही. त्याच्या जन्माच्या कमाईचा तिसरा हिस्सा आम्ही एका वाक्यात घालवला. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. कायद्याची पुस्तके पुढे संघटनेच्या खटल्यांमुळे वाचावी लागली, पण ती कामगार कायद्याची. घराचा कायदा आम्ही त्या दिवसानंतर वाचायला घेतला. त्यातून जे समजले, ते येथे सांगत आहोत.

तीन निराळे प्रश्न

"घराचे कागद आहेत," असे माणूस म्हणतो, तेव्हा तो तीन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत घालीत असतो. त्या आधी सुट्या केल्या पाहिजेत.

पहिला प्रश्न : जमीन कोणाची? याचे उत्तर नोंदलेले खरेदीखत, ७/१२ व फेरफार, आणि शहरात जेथे नगर भूमापन झाले आहे तेथे मालमत्ता पत्रक, हे कागद देतात.

दुसरा प्रश्न : त्या जमिनीवर घर बांधता येते काय? जमीन अकृषिक आहे काय, भूखंड मंजूर रेखांकनातला आहे काय, विकास आराखड्यात तेथे रस्ता, शाळा किंवा बाग यांचे आरक्षण आहे काय, हे सारे या प्रश्नात येते.

तिसरा प्रश्न : जे घर उभे आहे, ते परवानगीने व परवानगीप्रमाणे बांधले काय? याचे उत्तर मंजूर नकाशा, बांधकाम परवाना आणि काम संपल्यावर मिळणारा पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला यांत असते.

पहिल्याचे उत्तर "माझी" असे आले, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्याचेही आले, असे आपण धरून चालतो. तेथेच घोटाळा होतो. मालकी निर्मळ आणि बांधकाम विनापरवाना, अशी घरे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. उलट, एखाद्या रेखांकनातला भूखंड बिनचूक असतो, पण मधल्या एका खरेदीची नोंदणीच झालेली नसते. प्रत्येक प्रश्नाला त्याचा कागद हवा. एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

पावतीने काय सिद्ध होते

घरपट्टीची पावती एवढेच सांगते, की या घरावर कर लावला होता आणि तो अमक्या दिवशी भरला. ताबा कोणाचा होता, हे दाखवायला ती उपयोगी पडते. मालकी किंवा परवानगी तिच्यातून निघत नाही. किंबहुना विनापरवाना इमारतीवर कराच्या दुपटीपर्यंत शास्ती लावण्याची तरतूद आपल्या कायद्यांत आहे, आणि ती शास्ती भरली म्हणून इमारत नियमित होत नाही. कचेरीने पैसे घेतले, त्या अर्थी मान्यता दिली, हा आपला हिशेब कायद्याला मान्य नाही.

खेड्यांत आणखी एक गफलत होते. तलाठ्याकडचा आठ-अ म्हणजे शेतजमिनीचा खातेउतारा. ग्रामपंचायतीचा नमुना आठ म्हणजे घरांच्या कर आकारणीची नोंद. नावे सारखी असल्यामुळे माणूस एक मागायला जातो आणि दुसरा घेऊन येतो. आणि यांपैकी एकही बांधकाम परवाना नव्हे.

अलीकडे गावठाणांची ड्रोनने मोजणी करून घरमालकांना मालमत्ता पत्रक देण्याची स्वामित्व योजना आली. तिचा आरंभ २४ एप्रिल २०२० रोजी झाला. ज्या गावठाणात कधी मोजणीच झाली नव्हती, तेथे ही मोठीच सोय झाली. जागेची हद्द व धारकाचे नाव प्रथमच कागदावर आले. तथापि तो पहिल्या प्रश्नाचा कागद आहे. त्यावरच्या घराला परवानगी होती की नाही, ते त्यात लिहिलेले नसते.

आता बाँडपेपरविषयी. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ आणि नोंदणी अधिनियम १९०८ यांचा साधा अर्थ असा, की शंभर रुपये व त्याहून अधिक किमतीची स्थावर मालमत्ता विकायची तर नोंदलेले खरेदीखतच पाहिजे. नोटरीचा शिक्का कितीही ठसठशीत असला तरी त्याने घर हस्तांतरित होत नाही. मग बाँड जुना शंभराचा असो, की ऑक्टोबर २०२४ नंतरचा पाचशेचा. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर घर विकण्याची जी रीत पडली होती, तिच्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ रोजी स्पष्ट निकाल दिला की त्याने मालकी जात नाही.

मराठवाड्याला हा धडा अलीकडेच मिळाला. १२ जुलै २०२१ च्या परिपत्रकाने मंजूर रेखांकनाशिवाय एक-दोन गुंठ्यांची खरेदीखते नोंदवण्यास अडसर आला. ज्यांना निकड होती त्यांनी पुन्हा बाँडचा रस्ता धरला. ५ मे २०२२ रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केले. त्यानंतरही तुकडेबंदीच्या कायद्यात फेरबदल होत आले आहेत. म्हणून आपल्या व्यवहाराच्या दिवशी चालू नियम काय, ते दुय्यम निबंधकाच्या कचेरीत विचारूनच घ्यावे. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो. मालकी खरी आहे किंवा बांधकाम नियमाप्रमाणे आहे, याची तो हमी देत नाही. खरेदीखत नोंदले गेले, म्हणून तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, असे नाही.

परवाना म्हणजे काय

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ सालचा. त्याच्या चव्वेचाळिसाव्या कलमाप्रमाणे बांधकामापूर्वी नियोजन प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. शहरात हे प्राधिकरण म्हणजे नगरपालिका. गावठाणात ग्रामपंचायत कायद्याच्या बावन्नाव्या कलमाखाली पंचायतीची परवानगी लागते, आणि गावठाणाबाहेर महसूल व नगररचना खात्याशी गाठ पडते. अर्जाबरोबर मालकीचे कागद, जागेचा मोजणी नकाशा आणि परवानाधारक अभियंत्याने किंवा वास्तुविशारदाने काढलेला घराचा नकाशा द्यावा लागतो. नियमाप्रमाणे असलेल्या अर्जावर साठ दिवसांत निर्णय व्हावा, असे कायदा सांगतो. साठ दिवस उलटून गेले म्हणून नियमाविरुद्धचे बांधकाम मात्र मान्य होत नाही.

परवान्याला मुदत असते. काम लांबले तर ती वाढवून घ्यावी लागते. काम संपल्यावर अभियंत्याने "नकाशाप्रमाणे काम झाले" असे लिहून द्यायचे, कचेरीने पाहणी करायची आणि दाखला द्यायचा, हा शेवटचा टप्पा. आमचा अनुभव असा, की परवाना काढणाऱ्यांपैकीही पुष्कळ लोक हा टप्पा सोडून देतात. वास्तुशांत झाली, जेवणावळ उठली, पाहुणे गेले, की नकाशाची गुंडाळी माळ्यावर जाते. वीस वर्षांनी विक्रीच्या वेळी पहिल्यांदा दाखल्याची आठवण होते.

३ डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळून बहुतेक सर्व राज्याला एकच बांधकाम नियमावली लागू आहे. तिच्यात लहान घरांसाठी सोपी वाट ठेवली आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर ठरलेले कागद व शुल्क भरून प्राधिकरणाला कळवून काम सुरू करता येते. १५० ते ३०० चौरस मीटरपर्यंत परवानाधारक अभियंत्यामार्फत थोड्या दिवसांत परवाना मिळण्याची सोय आहे. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणजे आपल्या कामगाराचे घर या पहिल्याच पायरीत बसते. अट एकच, की भूखंड स्वतः कायदेशीर असला पाहिजे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर चुकले, तर तिसऱ्याची ही वाट बंद होते.

जुन्या घरांची गोष्ट

बीडच्या जुन्या पेठेत वाडा असलेले लोक घाबरून विचारतात, "आमच्याकडे तर कसलाच परवाना नाही. आमचे घर अनधिकृत काय?" त्यांनी घाबरू नये. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. पुढे हैदराबाद राज्यात, १ नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आला. सांप्रतचा नगरपरिषदांचा कायदा १९६५ चा आणि नगररचनेचा १९६६ चा. त्याआधी उभ्या राहिलेल्या घराकडे या कायद्यांखालचा परवाना मागून सापडणार कसा? अशा घरासाठी दाखवायचे ते त्याचे वय : कर आकारणीच्या जुन्या नोंदवहीचा उतारा, नगर भूमापनाचा चौकशीचा कागद, जुने वाटणीपत्र किंवा खरेदीखत. जुने कागद उर्दूत किंवा मोडीत असतात, आणि त्यांवर फसली सन असतो. फसली सनात ५९० मिळवले की जवळपास इसवी सन येतो. १३१७ फसली म्हणजे १९०७. असे कागद फेकू नयेत. जाणकाराकडून भाषांतर करून मूळ कागदासोबत ठेवावेत. मात्र जुन्या वाड्यावर १९९० साली मजला चढवला असेल, तर त्या मजल्याला परवाना हवाच. वाड्याचे वय मजल्याला लागू होत नाही.

आपल्याकडचा आणखी एक खड्डा म्हणजे इनाम जमिनी. ७/१२ वर खिदमतमाश, मदतमाश, देवस्थान, वक्फ किंवा भोगवटादार वर्ग दोन अशी काही नोंद असेल, तर तेथे घर बांधण्याचा विचारच आधी थांबवावा. ती नोंद कायद्याने सुटत नाही तोवर वर बांधलेल्या घराचे कागद सरळ होत नाहीत, मग ते घर कितीही हातांतून गेलेले असो.

हे नियम कशासाठी

आमच्या सभांतून नेहमी एक प्रश्न येतो : गरिबाने आपल्या घामाच्या पैशाने चार भिंती उभ्या केल्या, तर सरकारला एवढे विचारण्याचे कारण काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर बीडकरांनी पाहिलेले आहे. २३ जुलै १९८९ रोजी बिंदुसरेला अचानक पूर आला आणि माणसे व घरे वाहून गेली. नदीकाठच्या निळ्या आणि लाल पूररेषा यासाठीच असतात. पंचवीस वर्षांत एकदा येऊ शकेल अशा पुराची हद्द निळी, आणि शंभर वर्षांत एकदा येऊ शकेल अशा पुराची लाल. तसेच ठाण्याजवळ मुंब्रा येथे ४ एप्रिल २०१३ रोजी विनापरवाना बांधली जात असलेली सात मजली इमारत कोसळली आणि ७४ माणसे गेली. मेले ते बहुतेक गरीब भाडेकरू आणि मजूर. रस्त्याची रुंदी सोडा म्हणतात, ती आगीचा बंब आणि बाळंतिणीची गाडी आत यावी म्हणून. नियम न पाळण्याची किंमत शेवटी आपल्याच माणसांच्या जिवाने दिली जाते. म्हणून नियमांना नुसता कचेरीचा छळ म्हणण्यात आम्हांला शहाणपण दिसत नाही. अर्ज खोळंबतात, खेपा घालाव्या लागतात, हे खरे. त्यासाठी भांडलेच पाहिजे. परंतु ते भांडण अर्जाची पोच हातात घेऊन केले, तरच जोर येतो.

बाजाराचाही एक नियम आहे. विनाकागद घर घेऊ शकतो तो फक्त रोख पैसेवाला; कारण ज्याला कर्ज लागते, त्याला बँक अडवते. कर्ज कोणाला लागते? आपल्यासारख्या पगारदाराला. म्हणजे कागद नसला की एक कामगार दुसऱ्या कामगाराला घर विकू शकत नाही. दोघांमध्ये थैलीवाला येऊन उभा राहतो आणि मधला हिस्सा खाऊन जातो. १७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मेरठच्या एका प्रकरणात देशभरासाठी निर्देश दिले, की बँकांनी इमारतीच्या तारणावर कर्ज देण्यापूर्वी पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला पाहावा, आणि वीज-पाण्याच्या जोडण्याही त्यावरूनच द्याव्यात. तेव्हा यापुढे हा कागद अधिक विचारला जाईल, असेच धरून चालावे.

कागद नसेल तर

आता मुख्य गोष्ट. प्रत्येकाने आपले घर पुढील चारांपैकी कोणत्या खान्यात बसते, ते आधी ठरवावे.

पहिला खाना : परवाना घेतला होता, कागद हरवला. हे सर्वांत सोपे. परवान्याचे साल आणि त्या वेळच्या मालकाचे नाव देऊन नगरपालिकेत प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करावा. उत्तर न आल्यास माहिती अधिकार अधिनियम २००५ खाली दहा रुपये शुल्काचा अर्ज करावा. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते, आणि न दिल्यास अपील आहे. घर दुसऱ्याकडून घेतले असेल, तर जुन्या मालकाकडे व त्याच्या अभियंत्याकडेही विचारावे. पुष्कळदा अभियंत्याच्या कपाटात नकाशाची प्रत निघते.

दुसरा खाना : परवाना आहे, दाखला घेतला नाही. परवानाधारक अभियंत्याला घरी आणून नकाशा आणि घर ताडून पाहावे. दोन्ही जुळत असतील, तर दाखल्याचा अर्ज करून पाहणी मागावी.

तिसरा खाना : परवाना आहे, पण बांधकाम जास्त झाले, किंवा परवाना कधी घेतलाच नाही, पण जागा घर बांधण्याजोगी आहे. आजच्या नियमांत जेवढे बसते तेवढ्याचा सुधारित किंवा नवा नकाशा सादर करून, तडजोड शुल्क भरून ते नियमित करून घेता येते. जे बसत नाही ते काढावे लागते. एक-दोन गुंठ्यांच्या विनारेखांकन वस्त्यांसाठी २००१ सालचा गुंठेवारी अधिनियम आहे. त्याची मुदत आधी १ जानेवारी २००१ पर्यंतच्या घरांपुरती होती. २०२१ च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. नगररचना कायद्यात २०१७ साली ५२-अ हे कलम घातले गेले. ते ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांसाठी आहे. या सवलती आपोआप लागू होत नाहीत. अर्ज, नकाशा, घराच्या तारखेचा पुरावा आणि शुल्क ही चारही द्यावी लागतात. आणि येथेच आमच्या त्या सभासदाच्या पावत्या खऱ्या उपयोगाच्या ठरल्या असत्या. कारण घर कोणत्या सालापासून उभे आहे, हे त्या उत्तम रीतीने सांगतात.

चौथा खाना : सरकारी जमीन, आरक्षण, नदीचे पात्र, इनामाची गुंतलेली जमीन. येथे "पाच हजार द्या, करून आणतो" म्हणणारा माणूस हटकून भेटतो. त्याला पैसे देऊ नयेत. अशा घराबाबत आधी जाणत्या वकिलाकडून लेखी मत घ्यावे.

नोटीस आली असेल, तर ती फाडू नये. नगररचना कायद्याच्या त्रेपन्नाव्या कलमाप्रमाणे नोटिशीच्या मुदतीत बांधकाम कायम ठेवण्यासाठी अर्ज करता येतो, आणि त्याचा निर्णय होईपर्यंत नोटीस स्थगित राहते. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाडकामापूर्वी किमान पंधरा दिवसांची नोटीस सक्तीची केली आहे. रस्ता किंवा नदी यांसारख्या सार्वजनिक जागेवरील बांधकामाला मात्र हे संरक्षण नाही. आपल्या जिल्ह्यातली हजारो माणसे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. दाराला चिकटवलेली नोटीस पाच महिने वाऱ्यावर फडफडते आणि मुदत निघून जाते. म्हणून जाण्यापूर्वी भावकीतल्या किंवा शेजारच्या एका वाचत्या माणसाला दारावर लक्ष ठेवायला सांगावे, आणि त्याच्याकडे आपला फोन नंबर ठेवावा.

विकताना खरे सांगावे

काही लोक म्हणतात, "घेणाऱ्याने विचारले नाही, तर आपण का सांगावे?" मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे पंचावन्नावे कलम याचे उत्तर देते. मालमत्तेतला किंवा आपल्या हक्कातला जो मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही सापडणार नाही, तो सांगणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. न सांगणे ही फसवणूक धरली जाते. तेव्हा परवाना नसेल, तर तसे इसारपावतीतच लिहावे : कोणता भाग विनापरवाना आहे, नियमित करण्याचा अर्ज कोणत्या तारखेला दिला, आणि त्याचे शुल्क कोणी भरायचे. असे लिहिल्याने भाव थोडा उतरेल. पण पुढचा खटला टळेल. आणि घेणारा बहुधा आपल्यातलाच असतो. ज्या खड्ड्यात आपण पडलो, त्यात गवत टाकून दुसऱ्याला पाडणे, ही कामगाराची रीत नव्हे.

घेणाऱ्यानेही आपली बाजू सांभाळावी. इसार देण्यापूर्वी दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून मागील तीस वर्षांचा शोध घ्यावा, वरील तिन्ही प्रश्न लेखी विचारावेत, आणि रंग लावलेल्या भिंतींआधी नकाशा पाहावा.

गल्लीने मिळून करायचे काम

गुंठेवारीचा अर्ज एकट्याने करणे जड जाते. मोजणी, अभियंत्याची फी, खेपा, बुडालेली मजुरी, हे सगळे एकाच घरावर पडते. तेच गल्लीतल्या वीस घरांनी मिळून केले, तर अभियंता एकदा येतो, एकच मोजणी नकाशा सर्वांना चालतो, आणि कचेरीत वीस जणांच्या वतीने दोघे गेले तरी पुरते. रस्ता किती सोडायचा, हेही वीस जणांनी समोरासमोर बसूनच ठरते. एकट्याने ओटा मागे घेऊन रस्ता होत नसतो. त्या हमालाच्या घटनेनंतर आम्ही एका वस्तीत असे करून पाहिले. पहिल्या बैठकीला सात माणसे आली. चौथ्या बैठकीला जागा पुरेना. दोन घरांना ओटे मागे घ्यावे लागले, त्यावरून भांडणेही झाली, आणि काम दीड वर्ष चालले. पण शेवटी बहुतेकांच्या हाती प्रमाणपत्र पडले. पगारवाढीचा करार झाल्यावर जसे वाटते, तसेच त्या दिवशी वाटले.

आमचा तो सभासद आता भाड्याच्या खोलीत राहतो. बायको बरी झाली, एवढे समाधान आहे. मध्यंतरी त्याच्या मुलाने अर्ध्या गुंठ्याची जागा पाहिली, आणि बाप त्याला घेऊन आमच्याकडे आला. "भाऊ, आता नीट सांगा," एवढेच तो म्हणाला. आम्ही त्याला जागेचा ७/१२ आणायला सांगितले. त्यावर वर्ग दोनची नोंद निघाली, आणि ती जागा त्यांनी सोडून दिली. दुसरी अजून शोधत आहेत.